काकीचे बोंबील
बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की केळव्याची ती सकाळ आठवते. रात्री वादळ किनाऱ्यावर चढून पुढे गेलं होतं. घरात आणून ठेवलेले अर्धवट सुकलेले बोंबील काकी परत बाहेर काढून, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने अंगणातल्या बांबूंच्या मांडवाच्या दोरीवर टांगू लागली. काका दारातून ओरडले, "आत ये, वारा अजून फिरतो हाय!" "वादळ गेला ना, आता काय नाय होत. हे सडतील," ती म्हणाली. तेवढ्यात समुद्राकडून सोंडेसारखी वावटळ आली आणि अख्खा मांडव तिच्यावर कोसळला. तिला बाहेर काढलं, तेव्हा तिच्यात जीव नव्हता; मुठीत बोंबलांची एक जोडी होती. काकांनी ती जोडी कुणाला सोडवू दिली नाही. आता काका स्वतः बोंबील टांगतात. मी केळव्याला गेले की, आभाळ निरभ्र असलं तरी मला मांडवाखाली येऊ देत नाहीत.