न्येवूने पाहुणीच्या हातावर ओतलेलं पाणी

माझी सून न्येवू मंदाझी, म्हणजे फुगीर गोड पुऱ्या, तळून विकते. मोम्बासाच्या खाडीकाठी आमच्या वस्तीत सगळ्यांचा सकाळचा चहा तिच्या कढईपाशी होतो. ती माझ्याहून दोन इयत्ता जास्त शिकली, म्हणजे आमच्या घरातली पंडितच.

वस्तीच्या वरच्या अंगाला कातडी कमावायचा कारखाना आहे. त्याचं पाणी ओढ्यात आणि ओढ्याचं आमच्या विहिरीत. पोरांच्या अंगावर चट्टे उठायला लागले तसा न्येवूने बायकांचा गट उभा केला. आपल्या हवापाण्यासाठी भांडणाऱ्या वस्त्यांना अनुदान देणारी एक संस्था नैरोबीत आहे. पाण्याची तपासणी, वकील आणि निकाल लागेपर्यंत एक नळ, एवढ्यासाठी न्येवूने त्यांच्याकडे मागणी केली. ते म्हणाले, आधी आमची बाई येऊन बघेल. तिला पटलं तर तुम्हाला, नाही तर दुसऱ्या वस्तीला.

न्येवू त्या बाईला आणायला स्टेशनवर गेली आणि इकडे काचे नावाच्या आमच्या शेजारणीने सगळ्यांना कामाला लावलं. पाहुणी येणार म्हटल्यावर घाण दिसू द्यायची कशी? आम्ही झाडलं, चुना टाकला, ओढ्यावर झावळ्यांचे तट्टे घातले, चट्टेवाल्या पोरांना लांब बाह्यांचे सदरे चढवले. घराघरात ऊद जाळला. लग्नघरीसुद्धा इतका सुवास नसतो.

पाहुणी मुथेऊ साधी, हसरी पोरगी. सगळीकडे हिंडली आणि मला म्हणाली, "आई, माझ्या नैरोबीच्या गल्लीपेक्षा तुमची वस्ती स्वच्छ आहे हो."

काचे फुलून गेली. न्येवूचा चेहरा मात्र पडला. अनुदान चाललं होतं हातचं. मुथेऊने घड्याळ बघितलं. तिला अजून एक वस्ती बघायची होती.

"जेवल्याशिवाय नाही जायचं," न्येवू म्हणाली.

चटई अंथरली, नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे आले. हात धुवायला काचेने गाडीवाल्याकडचं विकतचं पाणी तांब्यात भरून ठेवलं होतं. न्येवूने तो तांब्या बाजूला सारला, विहिरीतून बादली काढली आणि पाहुणीच्या हातांवर ते पाणी ओतलं. रंग काळ्या चहासारखा, वास सडक्या कातड्याचा.

काचेने माझं कोपर चिमटलं. "अगं, तुझी सून पाहुणीच्या हातावर गटार ओततेय. आता कोण बोलावणार आपल्याला चार घरी?"

"गप्प बस," मी म्हटलं. "मला बघू दे."

मुथेऊने हात नाकाशी नेले, परत नेले. "पोरांना यानेच आंघोळ घालता?"

"यानेच. पिण्यापुरतं विकत घेतो. ताई, रागावू नका. घरातलं चांगलं ते सगळं तुमच्यापुढे मांडलंय. एवढं दाखवायचं राहिलं होतं."

मुथेऊ ओल्या हातांनीच उठली आणि म्हणाली, ओढा दाखवा. तट्टे कुणी ओढून काढले म्हणाल, तर काचेनेच. मग पोरांच्या बाह्या वर झाल्या. दुसऱ्या वस्तीला जाणं उद्यावर गेलं, आणि मुथेऊ संध्याकाळी आमच्यात बसून जेवली.

अनुदान मिळालं. तपासणीत पाण्यात विष निघालं, नळ आला, खटला चालू आहे. कारखान्याचा साहेब आता न्येवूला 'मामा', म्हणजे आमच्याकडे आई, म्हणून मान देतो आणि खुर्ची पुढे करतो. खाडीपलीकडच्या बायका अनुदान कसं मागायचं ते विचारायला येतात. काचे त्यांना सांगते, विहिरीच्या पाण्याची युक्ती माझीच होती. न्येवू ऐकते आणि मंदाझी उलटते.

सांगू दे तिला. सून माझी आहे.