माझ्या वह्यांतलं आईचं अक्षर

शाळेत माझ्या वह्यांतलं अक्षर सगळ्या वर्गात सुंदर होतं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच मी लिहिलेलं नव्हतं.

माझ्या दोन्ही हातांचे स्नायू जन्मापासून ताठ आहेत. चमचा धरता येतो, फोनवर एका बोटानं एकेक अक्षर दाबता येतं, केसांना क्लिपही लावता येते. फक्त वेळ लागतो आणि बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. पेन धरलं की मात्र दोन ओळींनंतर मनगट अडकतं आणि बोटं आपोआप मिटतात. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत 'पोरीचे हात जरा असे आहेत' म्हणतात, आणि 'असे' म्हणताना स्वतःचे हात वाकडे करून दाखवतात. मला त्याचा लहानपणापासून राग येतो. राग मला एकूणच लवकर येतो, त्याला हात लागत नाहीत.

तिसरीत असताना वही अपूर्ण राहिली म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीपर्यंत मी तिथेच होते. आईला हे कळलं तेव्हा तिनं शेजारच्या मुलीची वही मागून आणली, ओट्याशेजारी बसून माझी वही पूर्ण केली आणि दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या पानावर 'छान' असा शेरा दिला. आईला तो शेरा फारच गोड लागला असणार, कारण पुढची सात वर्षं तिनं माझी एकही वही अपूर्ण राहू दिली नाही.

आईचं अक्षर तिच्या वडिलांकडून आलेलं. आजोबा कन्हान नदीकाठच्या खाप्याचे. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेऊन परत गेले आणि तेव्हापासून वस्तीतल्या नळापासून रेशनकार्डापर्यंत सगळ्यांचे अर्ज तेच लिहीत. तोंडी काही मागायचं नाही आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही, हा त्यांचा नियम आईनं जशाचा तसा उचलला. आमच्या घरात गॅस सिलेंडर उशिरा आला तरी अर्ज जायचा. अशा बाईनं मुलीच्या वह्या लिहायला घेतल्यावर त्यात कसर कशी राहणार? तिनं माझं अक्षर इयत्तेप्रमाणे वाढवत नेलं. तिसरीत मोठं, गोलगोल. सहावीत जरा उजवीकडे झुकलेलं. आठवीत बारीक आणि घाईचं. खरं वाटावं म्हणून अधूनमधून एखादी चूकही करायची, मग ती खोडून वर बरोबर लिहायची. एवढी मेहनत तर वर्गातल्या कुठल्याही पोरीनं स्वतःच्या वहीवर घेतली नसेल.

मी वर्गात पेन हातात धरून बसायचे. साठ मुलींत कोण कुणाच्या वहीत डोकावतंय? वह्यांचे गठ्ठे टीचर्स रूममध्ये जायचे आणि लाल सह्या होऊन परत यायचे.

परीक्षेत मात्र आई नसायची. आठवीपर्यंत मला वरच्या वर्गात ढकललं. नववीत अडचण झाली. काळी माती पाणी कशी धरून ठेवते आणि म्हणून कापूस त्यात कसा येतो, हे मी वर्गात कुणालाही समजावलं असतं, पण भूगोलाच्या पेपरात त्या प्रश्नापुढे माझ्या हातून 'काळी मृदा' एवढे दोनच शब्द उतरले आणि घंटा झाली. पेपर वाटताना बाई भरवर्गात म्हणाल्या, वही एवढी छान ठेवते, मग पेपरात लिहायला काय होतं, आळशी आहे नुसती. सगळ्या हसल्या. बेंच उचलून फेकावासा वाटला. पण खरं सांगायचं तर आईची वही वाचवायला मी आळशी म्हणवून घेतलं. हे मी स्वतः केलं, हे नंतर मला फार लागलं.

तोंडी परीक्षेच्या आणि वह्यांच्या मार्कांवर नववी कशीबशी निघाली. दहावीच्या सुरुवातीला अपंगत्वाच्या दाखल्याचं नूतनीकरण करायला आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, बोर्डाला लेखनिक मागितला ना? आईनं विचारलं, लेखनिक म्हणजे? डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. मी उत्तर सांगायचं, खालच्या इयत्तेतल्या कुणी ते लिहायचं, आणि वर तासाला वीस मिनिटं जादा. दिव्यांगांच्या कायद्यात शाळेनं मुलांच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची, असं लिहिलंय. म्हणजे मी तिसरीत वर्गाबाहेर उभी होते त्याच्या आधीपासून कुठे ना कुठे अशी सोय होती, फक्त ती आमच्या गल्लीत कुणी सांगितली नव्हती. परतताना ऑटोत आई अर्जाचा मजकूर जुळवत होती आणि मी पहिल्यांदाच बोर्डाच्या परीक्षेचा विचार घाबरल्याशिवाय केला. मला येतं ते कागदावर उतरणार होतं.

अर्ज शाळेमार्फत जायचा होता, मुख्याध्यापिकांच्या शिफारशीसह. त्या शिस्तीच्या आणि सरळ बाई. त्यांनी अर्ज वाचला, दाखला वाचला, आणि शिपायाला माझ्या वह्या आणायला सांगितल्या. इतिहासाची वही उघडून त्यांनी टेबलावर ठेवली.

"हिचं अक्षर तर वर्गात सगळ्यांत चांगलं आहे. मग लेखनिक कशाला?"

बाईंनी मग थेटच विचारलं, हे हिनंच लिहिलंय ना? आई म्हणाली, हो, घरी हळूहळू लिहिते. मी शेजारी बसून मान हलवली. आज लिहितानाही त्या माझ्या मान हलवण्याची लाज वाटते.

बाई शांतपणे म्हणाल्या, मग जादा वेळेची शिफारस मी करते. लेखनिकाची नाही करणार. बोर्डाला मी खोटं लिहून देऊ शकत नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यापुढचा पुरावा आम्हीच सात वर्षं राबून तयार केला होता.

घरी आल्यावर मी आईशी भांडले. सांग त्यांना, म्हटलं. आई म्हणाली, काय सांगू, फसवून राहिलो होतो म्हणून? दाखलाबी खोटा म्हणतील, शाळेतून काढून टाकतील तुले. बाबा सीताबर्डीला मोबाइलच्या दुकानात काम करतात, तिथे गिऱ्हाइकांची भांडणं मिटवणं हा त्यांचा रोजचा धंदा. ते म्हणाले जादा वेळ मिळतोय ना, भागवून घे. मी त्यांना विचारलं, तीन तासांत चार ओळी होतात, चार तासांत किती होतील? त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"आई, मले सगळं येते आणि कोणाले माहीत नाही," मी म्हटलं. "तुले माहीत आहे का तरी? तू तर गाईडमधून उतरवते."

ती उठून आत गेली. बोलायला नको होतं, असं मला वाटलं नाही. वाटलं असतं तर इथे लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी एकटीच मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, मॅडम, मला कोरा कागद द्या आणि घड्याळ लावा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण कागद दिला. लेखनिकाचा तोच अर्ज मी त्यांच्यासमोर लिहायला घेतला. 'मला लेखनिक मिळावा' इथवर येईपर्यंत बोटं मिटली. ती डाव्या हातानं उघडून पेन पुन्हा बसवलं. पेन दोनदा खाली पडलं. दुसऱ्यांदा बाई उचलायला वाकल्या, तर मी म्हटलं, राहू द्या, परीक्षेत कोणी उचलून देणार नाही. वीस मिनिटांत दीड ओळ झाली. अक्षरं सांडलेल्या शेंगदाण्यांसारखी पानभर पसरली होती. त्यांनी माझा कागद इतिहासाच्या वहीशेजारी ठेवला.

"मग ही वही कुणाची?"

उत्तर मला द्यायचं नव्हतं. ते आईचं होतं. मी म्हटलं, आईला बोलवा.

आई तासाभरात आली. घरची साडी बदलायलाही थांबली नव्हती. खुर्चीवर न बसताच म्हणाली, "मॅडम, सगळ्या वह्या मी लिहिल्या. पोरीले तिसरीत बाहेर उभी केली होती, मले पाहवलं नाही. तिचं काही चुकलं नाही."

बाईंनी विचारलं, हे लेखी द्याल? आणि आमच्या आईनं, जिनं लेखीला कधी नाही म्हटलं नाही, तिथेच बसून लिहून दिलं. तिसरीपासून दहावीपर्यंतच्या सर्व वह्या मी लिहिल्या आहेत, माझ्या मुलीला लिहिता येत नाही. तेच सुंदर अक्षर. खाली सही, तारीख. मग सवयीनं ते सगळं दुसऱ्या कागदावर उतरवलं आणि मुख्याध्यापिकांपुढे सरकवून म्हणाली, पोच द्या. स्वतःच्या गुन्ह्याच्या कबुलीवर शिक्का घेणारी नागपुरातली ती एकमेव बाई असेल. मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. हसत हसत त्यांनी शिक्का मारला, आणि मग जरा वेळानं म्हणाल्या की त्या दिवशी तिसरीच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलीला या शाळेनंही काही विचारलं नाही. शिफारस त्यांनी त्याच दिवशी लिहिली. माझी दीड ओळही सोबत जोडली.

बोर्डाची परवानगी आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून मिळाली, शांत आणि भरभर लिहिणारी. आता सगळं सोपं, असं आम्हाला वाटलं. पण मला सांगताच येईना. सात वर्षांत मी एकही वाक्य कुणाला लिहायला सांगितलं नव्हतं. डोक्यात उत्तर असायचं, तोंडातून निघायचं ते अर्धवट. मग मी म्हणायचे, ते नको, खोड, आणि ती पोर बिचारी खोडत बसायची. ती फक्त शनिवारी यायची. बाकीचे दिवस सराव कुणासोबत करायचा? आई म्हणाली, बस माझ्यासमोर.

पहिल्याच संध्याकाळी पुन्हा भांडण. मी सांगायचे एक आणि ती लिहायची दुसरं, माझ्यापेक्षा चांगलं. मी सांगितलं की कन्हान उत्तरेकडे वाहते, तिनं दक्षिणेकडे लिहिलं. मी वाचून ओरडले, हे मी नाही सांगितलं. ती म्हणाली, "पण बरोबर ते आहे ना वं. खाप्याची आहे मी, नदी पाहिली आहे." मी म्हटलं, परीक्षा तुझी नाही. तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता उठून जाईल. ती बसून राहिली, दक्षिणेकडे खोडलं, उत्तरेकडे लिहिलं आणि म्हणाली, पुढे सांग. ते चुकीचं वाक्य लिहिताना तिचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं. त्यानंतर तीन महिने ती रोज बसली. कधी कधी ओठ दाताखाली धरायची, पण मी सांगितलं तेवढंच लिहायची. माझी चूक झाली की सराव संपेपर्यंत थांबायची, मग पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवायची आणि ओट्याकडे निघून जायची.

बोर्डाच्या पेपरांना आम्हाला तळमजल्यावरची वेगळी खोली दिली होती. एक पर्यवेक्षिका, लेखनिक मुलगी आणि मी. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मराठीच्या पेपरात निबंध सांगताना माझा आवाज इतका वाढला की पर्यवेक्षिकांनी दार लावून घेतलं. जादा वेळेतली शेवटची दहा मिनिटं माझ्याकडे उरली होती, आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. आयुष्यात पेपर पहिल्यांदाच पूर्ण झाला होता.

भूगोलाच्या दिवशी एका प्रश्नाचं उत्तर मी सांगितलं आणि लेखनिक मुलीचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की माझं चुकतंय. ते तिच्या चेहऱ्यावरच होतं. तिला सांगायची मुभा नव्हती आणि मला विचारायची नव्हती. मी पुन्हा विचार केला, मला तेच बरोबर वाटलं. म्हटलं, लिही. तिनं लिहिलं.

बाहेर आल्यावर फाटकाशी पुस्तक उघडून पाहिलं. चुकलंच होतं. आई उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभी होती, हातात पाण्याची बाटली. पेपर कसा गेला म्हणाली. मी सांगितलं, सगळा लिहिला, पण एक उत्तर चुकलं, दोन मार्क गेले.

"तूच सांगितलं होतं?"

"हो, मीच."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली, आणि बाटलीचं झाकण उघडून ती माझ्या हातात दिली.