पेल्यावरचा पाव

भरल्या हॉलमध्ये मी एका मेलेल्या पोराचा घास खाल्ला. वर त्याच्या वाटणीची दारूही प्यायलो. हे सगळं माइक हातात धरून केलं, म्हणजे मागच्या रांगेलाही नीट ऐकू गेलं.

तो घास ठेवला होता गालाकाकूंनी. मूळच्या रशियातल्या, नाव गालिना. कासारवाडीच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. चाकणजवळच्या खेड्यातले दत्ताकाका शिष्यवृत्तीवर तिकडे इंजिनिअर व्हायला गेले आणि येताना यांना घेऊन आले. काकूंना मराठी शिकवलं ते सासूबाईंनी, त्यामुळे निळ्या डोळ्यांची ही उंच बाई तोंड उघडलं की थेट मावळातली निघायची. एखादा नवा भाडेकरू इंग्रजीत बोलायला लागला की म्हणायच्या, "सरळ बोल की रं. मला न्हाई कळत तुजं."

शेपूवर त्यांचा भारी जीव. ज्या जुडीला आमची पोरं नाक मुरडतात ती त्या मंडईतून पिशवीभर आणायच्या. बीट-कोबीचं लालभडक सूप, म्हणजे बोर्श्च, त्यावर चक्क्याचा गोळा आणि त्यावर शेपू. बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू. दत्ताकाकांना मात्र त्याचा वासही सोसायचा नाही. ते गेल्यावर दर पितृपंधरवड्यात काकू गच्चीवर पान ठेवायच्या आणि कठड्याशी उभ्या राहून कावळ्याला हाक मारायच्या, "ये की रं दत्ता. शेपू न्हाई घातला." कावळा शिवेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. मी त्यांची नक्कल कंपनीच्या बसमध्ये करून दाखवायचो. बस चाकणपर्यंत हसत जायची.

रशियाचं युद्ध सुरू झालं तेव्हा तर मला ऊतच आला. सकाळी उठलो की काकूंना रणगाड्यांचे आणि विमानांचे व्हिडिओ पाठवायचे, खाली शाबासकीचा अंगठा. जिन्यात भेटल्या की विचारायचं, काय काकू, जिंकताय ना? त्या पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणायच्या, "मी भाजी आणते बाबा." भाऊ तिकडेच होता त्यांचा. त्याच्याशी बोलणं होतं का, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "व्हतं की. फोनवर आमी निस्ती हवा बोलतो. बर्फ किती, थंडी किती. बाकीचं ऐकाय तिसरा बसलेला असतो." मला तो विनोद वाटला. तोही मी बसमध्ये सांगितला.

अशा माणसाला सोसायटीने सांस्कृतिक सचिव केलं होतं. मी 'ओळख रशियाची' असा कार्यक्रम काढला: खाणं, गाणं आणि चालू घडामोडी. काकू आधी नाही म्हणाल्या. मग काही दिवसांनी आपण होऊन दार वाजवलं. "करू. पर त्या घडामोडी शेवटी ठेव. मला जरा बोलायचंय." काय बोलायचंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी फलकावर माझं नाव किती मोठं घ्यावं या विचारात होतो.

कार्यक्रमाला टेबल भरून गेलं होतं. बोर्श्च, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, नाचणी मिसळून घरी भाजलेला काळपट पाव. आणि टेबलाच्या टोकाला, सगळ्यापासून लांब, काचेचा एक छोटा पेला. त्यावर झाकणासारखा पावाचा काप. मी वास घेतला. हॉलमध्ये दारूला मनाई होती, आणि माझ्या हातात माइक होता. मी जाहीर केलं की सचिव या नात्याने मला पुरावा नष्ट करणं भाग आहे. पाव खाल्ला, पेला रिकामा केला. शिट्ट्या पडल्या.

काकू तेव्हा अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवत होत्या. त्यांचा हात तिथेच राहिला. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी नाचाचं काही वाजवा म्हणालं आणि त्यांनी नाचाचं वाजवलं. पोरं नाचली. काकूंचा चेहरा मात्र बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा होता. शेवटी मी घडामोडींसाठी माइक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हॉलभर नजर फिरवली.

"घडामोडी काय न्हाईत. सूप गार व्हतंय, खावा."

दुसऱ्या दिवशी मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, त्यांचं पातेलं परत द्यायला गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका मोठ्या कानांच्या पोरसवदा माणसाचा फोटो होता. पुढे पुन्हा भरलेला पेला, वर पुन्हा पाव. सुनंदाने विचारलं. तो भावाचा मुलगा, ल्योशा. सैन्यात ओढून नेला होता, नुकताच मारला गेला होता. गेलेल्याच्या नावाने असा पेला भरायचा, वर पाव ठेवायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी तिकडची रीत.

"तिकडं भावाला मोठ्यानं रडता येत न्हाई," काकू म्हणाल्या. "हितं ज्यो त्यो इचारतो, जिंकताय का. म्हनलं, चार माणसांत ठेवावा, चार माणसांत पोराचं नाव घ्यावं."

मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. त्या रागावल्या नाहीत.

"दत्ताचं पान मी कधी उष्टं केलं का रं?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुनंदासाठी चहा टाकला.

त्यानंतर काकू जिन्यात भेटल्या की माझ्याशी बोलायच्या. ऊन किती, पाऊस किती.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं, दिवस घातले दत्ताकाकांच्या पुतण्यांनी, गावच्या घाटावर. दर गणपतीत 'काकू, तिकडची बाटली' म्हणून मागे लागणारे हेच पुतणे. सुनंदाने पेल्याचा विषय काढला, तर म्हणाले, वहिनी, असल्या ठिकाणी दारू चालत नाही. शेपूही चालणार नव्हता. कावळा काही शिवेना. मग दर्भाचा कावळा करून उरकलं, कारण एकाला सेकंड शिफ्ट होती.

संध्याकाळी सुनंदाने आमच्या गॅलरीत स्टूल मांडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला दारूच्या दुकानात पाठवलं होतं. तिने पेला भरला, वर पावाचा काप ठेवला. शेजारी वाटीत बोर्श्च आणि त्यावर मूठभर शेपू. 'या काकू, शेपू घातलाय,' असं म्हणावंसं वाटलं मला. पण इतकी वर्षं नक्कल केलेल्या तोंडाने ते निघेना. पेला स्टुलाच्या अगदी कडेला होता. निदान तो आत सरकवावा म्हणून मी हात पुढे केला.

"तुम्ही लांब बसा," सुनंदा म्हणाली. "तुमचं एकदा खाऊन झालंय."