रुमालाखाली ठरलेली मोटार

नगरच्या छावणीतले एक निवृत्त साहेब आपली टप उघडता येणारी, दोन सीटांची जुनी इंग्रजी मोटार चार हजारांना विकत होते. मला ती रोज मळ्यावर जायला हवी होती. "धोतरवाल्याला ही कशाला?" असं ते म्हणाले. ते मला अजून सलतं.

रागातच मी बैलबाजारातल्यासारखा त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून तीन बोटं दाबली, म्हणजे तीन हजार. त्यांना वाटलं, मी चार हजारांवर हात मिळवतोय. त्यांनी खुशीत किल्ली दिली.

"साहेब, बोटं मोजा की!" मी ओरडलो आणि रुमाल काढून तीन बोटं दाखवली.

त्यांच्या बाई खदखदून हसल्या. "अहो, ते तीन म्हणताहेत. देऊन टाका, आपली तर नुसती उभीच असते."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. टप पाडून, एका हाताने फेटा धरून, मी मुद्दाम भर बाजारातून घरी गेलो.