बाटल्यांना लागलेलं कुंकू

मी बी.एस्सी. झाले आणि मला शिंगं फुटली. बंगळूरच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, त्यांत एवढी शिकलेली मुलगी मी एकटी. आई भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायची, "अण्णा, स्वल्प, जरा बघून वांगी दे, मुलगी हायस्कुलात सायन्स शिकवते." वांग्यांचा नि सायन्सचा संबंध त्याला कळायचा नाही, मलाही नाही. पण माझी मान ताठ व्हायची.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मुलींच्या एका शाळेत मला नोकरी लागली ती एका माणसाच्या मरणामुळे. तिथले विज्ञानाचे म्हातारे शिक्षक उन्हाळ्यात वारले होते. त्यांना सगळे मेष्ट्रु म्हणत. कानडीत मास्तरांना तसंच म्हणतात. त्यांचा काळा कोट प्रयोगशाळेच्या दारामागच्या खुंटीवर अजून लटकत होता. घरचं कुणी न्यायला आलं नव्हतं आणि शाळेतलं कुणी हात लावायला धजलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी त्यावर माझी छत्री अडकवली, तेव्हा समोरच्या सहा मुलींनी एकदम श्वास आत ओढला.

या सहा जणींसाठीच मला घेतलं होतं. हुशार मुलींचा वेगळा वर्ग काढायचा, आठवी ते दहावी त्यांना वरच्या दर्जाचं विज्ञान शिकवायचं, असा मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा बेत. कशानंतर काय शिकवायचं तो क्रम मी आखायचा. शाळेच्या समितीनं मात्र अट घातली होती: एक जरी मुलगी गळली तरी वर्ग बंद आणि बाकीच्या शिवणकामाला. त्यांतल्या एकीला डॉक्टर व्हायचं होतं. ती पुढच्या बाकावर बसून वेणीचं टोक चघळायची. शिवणकामाला गेली असती तर तिचं मेडिकल तिथंच संपलं असतं.

क्रम मी असा आखला की बघत राहावं! ड्रॉइंगचा कागद, तीन रंगांची शाई. आठवीत मोजमाप, गती आणि उष्णता. नववीत प्रकाश आणि वीज. रसायन थेट दहावीत, कारण अणू कळायच्या आधी आम्लाची बाटली उघडणं मला अडाणीपणाचं वाटायचं. मोठ्या बाईंनी तो कागद कचेरीत टांगला. मी काही ना काही निमित्त काढून दिवसातून दोनदा कचेरीत जायची, त्याच्याकडे बघायला.

वेणीवाली म्हणाली, "पण मिस, मेष्ट्रु दसऱ्याला रसायन काढायचे. आठवीतच."

"कशाच्या आधारावर?"

"हळदीच्या."

बाकीच्या खुदखुदल्या. मीही हसले, विद्वान माणसं हसतात तशी, नाकातून. पुढे काही विचारलं नाही. मुलींना मात्र मेष्ट्रूंचं किती सांगू नि किती नको व्हायचं. ते यायच्या आधी त्यांची तपकीर यायची म्हणे, नाकाला झोंबत. बाटलीचं काचेचं बूच ते कधी आडवं टाकायचे नाहीत. कागदाची घडी करून तिच्यावर डोक्यावर उभं करायचे. सांगताना मुलींची नजर कोटाकडे जायची. मीही मग छत्री दुसरीकडे ठेवू लागले. घाबरून नाही हं. कोट मळेल म्हणून.

खंडेनवमी आली. तिकडे ती आयुधपूजा. बसला, रिक्षाला, शिवणयंत्राला हळद-कुंकू लागतं, मग प्रयोगशाळा कशी सुटेल? आम्ही तराजूला झेंडूची माळ घातली, सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावलं, धूप जाळला. रसायनांच्या लाकडी कपाटापाशी पोचेपर्यंत कुंकू संपलं. म्हणून बाटल्यांना नुसती ओल्या हळदीची बोटं ओढली. मी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि घरी आले. त्या दिवसांत मला सर्दी इतकी झाली होती की धुपाचासुद्धा वास येत नव्हता.

दसऱ्याला सकाळी नव्या धड्याचा मुहूर्त करायचा असतो. सहाही जणी रेशमी परकर नेसून आल्या. मी मुहूर्ताला त्याच कपाटात ठेवलेली व्हर्नियरची मोजपट्टी काढायची म्हणून ते उघडलं.

प्रत्येक बाटलीला कुंकू लागलेलं होतं.

आम्ही ओढलेल्या हळदीच्या बोटांवरच, नेमकं तेवढंच, लालभडक.

"तपकीर!" मागून एक किंचाळली. "मिस, मेष्ट्रूंची तपकीर!" सगळ्या नाक धरून मागे सरल्या. मला वास कसला येणार? पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि मला वाटलं, गेलेल्या माणसाच्या मायेनं मला गहिवरून आलंय! मी कपाटाला चक्क हात जोडले. आणि मग बी.एस्सी. बाई मुलींच्या पुढे पळत सुटल्या.

मोठ्या बाईंना घेऊन परत आले. कपाट उघडंच होतं. बाटल्यांवर हळद होती, पिवळीधमक.

"कुठंय कुंकू?" मोठ्या बाईंनी विचारलं. मग माझ्या लाल डोळ्यांकडे पाहून हळूच म्हणाल्या, "घरी जा. झोप काढ."

मी कपाट पुन्हा बंद केलं ते डोळे मिटून.

दुपारपर्यंत ही बातमी सहा घरी पोचली. वेणीवालीच्या अज्जीचा निरोप आला: उद्या येऊन नातीचं नाव वर्गातून काढून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेचं पांढरं पातळ धुवायला बसले. पदराला हळदीचा डाग होता. विचार एकच, सहा मुली गेल्या, वर्ग गेला. डागाला साबण लावला आणि तो हाताखाली लाल झाला. मी पातळ टाकून उठलेच. मेष्ट्रु घरापर्यंत आले, असंच वाटलं मला! मग पाण्याचा तांब्या ओतला. डाग पिवळा. साबण लावला. लाल. लहानपणापासून शंभरदा बघितलेली गोष्ट; पण ती धुण्याच्या दगडावरची, प्रयोगशाळेत तिला कोण ओळख देणार? मी ओलीच शाळेकडे धावले.

कपाट उघडून नीट पाहिलं. मागच्या कोपऱ्यात अमोनियाची बाटली उघडी होती. तिची वाफ बंद कपाटात कोंडली की हळद लाल, दार उघडून वाफ उडाली की पुन्हा पिवळी. तपकिरीसारखं झोंबणारंही तेच. मला हसू फुटलं आणि तसंच थिजलं. बाटलीच्या शेजारी कागदाची घडी होती. तिच्यावर बूच उभं होतं. डोक्यावर.

अज्जी आल्या. कपाळभर विभूती, मनगटाला नवा दोरा. बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावून तशाच आल्या होत्या. "भूत असेल तर असू दे," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, "पण वयात आलेल्या पोरीला मी त्याच्या शेजारी बसवणार नाही."

मी त्यांना खुर्ची दिली. कागदावर ताजी हळद ओढून तो कपाटात ठेवला, दार लावलं. उघडलं, लाल. बाहेर वारा घातला, पिवळी. अज्जींनी दोनदा करायला लावलं, तिसऱ्यांदा दार स्वतः लावलं. मुली दारातून एक एक करत आत आल्या.

"सरी, ठीक," अज्जी म्हणाल्या. "हळदीचं कळलं. पण बूच कुणी काढलं?"

किल्ली पूजेपासून माझ्या कमरेला होती. वेणीवालीनं वेणी तोंडातून काढली आणि कोटाकडे बघितलं.

"मी," मी म्हणाले. "मीच काढलं, अज्जी. धड्यासाठी."

"कसल्या धड्यासाठी?"

"रसायनाच्या. दसऱ्याला काढायचा असतो ना."

मोठ्या बाईंची भुवई कचेरीतल्या त्या तीनरंगी कागदाच्या दिशेनं वर गेली. अज्जी पदर सावरत उठल्या, नातीला म्हणाल्या, "बस मग. आणि केस खाऊ नकोस." थाप मारून झाली होती, आता धडा घेणं भाग होतं. सहा वह्या उघडल्या आणि आठवीतच, अणूचा पत्ता नसताना, आमचं रसायन सुरू झालं. माझा कागद पुढे नाताळच्या नाटकात मागच्या बाजूनं आकाश म्हणून रंगवला गेला. आकाश बरं दिसलं.

सहाही जणी दहावीपर्यंत टिकल्या.

पण सांगायचं राहिलंच. पुढच्या वर्षी आठवीच्या नव्या मुली आल्या. खंडेनवमीची पूजा आटोपून त्या घरी गेल्यावर मी एकटीच कपाटापाशी गेले, बूच काढून ठेवावं म्हणून. या वेळी सर्दी नव्हती. दार उघडलं आणि वास नाकाला झोंबला.

बूच काढलेलं होतं. कागदाची घडी. डोक्यावर उभं.

कमरेची किल्ली मी चाचपून पाहिली. मग मागे न वळता म्हणाले, "मेष्ट्रु, या वर्षी बूच काढायची पाळी माझी होती."

दारामागे कोट हलला, असं काही मी सांगणार नाही. खिडकी उघडी होती.