पडदा काळा, इलाज फॉर्मॅट

मंडळी, आज वाशीममध्ये एका महान संगणकतज्ज्ञाचं दर्शन घडलं.

विंडोजऐवजी लिनक्स टाकलेल्या आमच्या लॅपटॉपचा पडदा लॉगिन करताच काळा पडत होता. आत बायकोने इंझोरी गावच्या म्हाताऱ्यांकडून रेकॉर्ड केलेली हळदीची गाणी. दुसरी प्रत नाही, आणि गाणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत.

तज्ज्ञांनी एकदाच बटण दाबलं. "हे लिनक्स कायले टाकता? फॉर्मॅट मारतो."

"अन् गाणी?"

"गाणे मोबाइलवर लय भेटतात, वहिनी."

वहिनींनी लॅपटॉप उचलला.

कालच्या अपडेटने पडदा चालवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला होता. घरी लॅपटॉप सुरू करताना आम्ही कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेटच्या आधीचा निवडला, पडदा उजळला. आधी गाणी पेनड्राइव्हवर उतरवली.

आत्ताच तज्ज्ञांचा फोन आला. "झाला न चालू? मी हात लावला होता न!"

तुमच्या गावचे तज्ज्ञ डोळ्यात कचरा गेला तर काय कापतात?