सात किलोंचा व्याही

मे महिन्यातल्या सकाळी पुण्याच्या विमानतळावर लोकरी कोट घालून उभा असलेला मी एकटाच होतो. आतून दोन शर्ट. कोटाच्या खिशांत चार्जर, औषधांची डबी, चष्म्याचं घर, दाढीचं सामान आणि होणाऱ्या सुनेसाठी घेतलेली कुंकवाची चांदीची कोयरी. बॅगेचं वजन करतात, माणसाचं करत नाहीत, हा शोध मी नऊ वर्षांपूर्वी लावला होता.

नऊ वर्षांपूर्वी मी कोचीला उतरलो आणि माझी सुटकेस गुवाहाटीला. तीन दिवस मेहुण्याच्या शर्टांत काढले. मेहुणा माझ्या दुप्पट आहे. त्या दिवशी मी शपथ घेतली की, यापुढे विमानाच्या पोटात काही टाकायचं नाही. हातातली केबिन बॅग, सात किलो, बस. इथवर ठीक होतं. पण मी लोकांना शिकवायलाही लागलो. सोसायटीच्या सहलीआधी मी शर्टांच्या गुंडाळ्या कशा करायच्या याचं प्रात्यक्षिक दिलं आहे. लोक हल्ली माझ्यासमोर प्रवासाचा विषय काढत नाहीत.

या वेळचा प्रवास मात्र साधा नव्हता. आमचा निरंजन चेन्नईजवळ ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथेच त्याचं कावेरीशी जमलं. कावेरी तंजावरकडच्या मराठी घरातली. ही मंडळी कित्येक पिढ्यांपासून तिकडचीच, आता चेन्नईत राहणारी. मुलांचं ठरलेलं होतं, मोठ्यांनी एकदा भेटून होकार द्यायचा तेवढा बाकी होता. सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आठवड्यापूर्वीच झालेली, तेव्हा होकार द्यायला मी एकटा निघालो.

"काही बोलू नका फारसं," सुनंदा म्हणाली. "पैठणी द्या, कोयरी द्या, नारळ द्या आणि हसा."

सगळ्यांत आधी नारळच गेला. सुरक्षा तपासणीत जवानाने बॅग उघडून तो बाहेर काढला आणि हातात तोलला.

"नारियल अंदर नहीं जाएगा."

"शगुन का है," मी म्हणालो.

"कहाँ जा रहे हो?"

"चेन्नई."

"चेन्नई में नारियल नहीं मिलता क्या?"

मागच्या रांगेतले सगळे हसले. मी नारळ ठेवला आणि मनात पहिला हिशेब केला तो असा, की बॅग आता सहाशे ग्रॅमने हलकी झाली.

चेन्नईला उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. विमानतळाचा दरवाजा सरकला आणि कुणीतरी उकळता कुकर शिटी काढून तोंडावर धरावा तशी हवा आली. कोट काढावा, तर खिशांतलं सामान कुठे ठेवायचं? बॅगेत नारळापुरतीच जागा, तीही नव्या नारळासाठी राखलेली. म्हणून कोटासकट मेट्रोत बसलो. मेट्रो गारेगार, त्यामुळे अर्धा तास मी शहाणा ठरलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कल्याणमा, सार?" (लग्न आहे का, साहेब?)

"नो, नो. ओन्ली मीटिंग."

"लगेज?"

"दिस ओन्ली," मी अभिमानाने बॅग दाखवली.

"कोट बिग, बॅग स्मॉल," असं म्हणून त्याने रिक्षा सुरू केली आणि पुढे घर येईपर्यंत आरशातून मला न्याहाळत राहिला. वाटेत थांबून मी एक नारळ घेतला. जवानाचं म्हणणं खरं होतं, दर दहा पावलांवर मिळतो.

घर पश्चिम माम्बलममध्ये, एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम (रांगोळी), आत सागवानी झोपाळा. कावेरीचे वडील गोविंदराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे. आई ललिताबाई शाळेत शिकवतात. आणि झोपाळ्यावर ब्याऐंशी वर्षांच्या आज्जी, गोविंदरावांच्या मातोश्री, नऊवारीत ताठ बसलेल्या. या घरात पंखासुद्धा त्यांना विचारून लावतात, हे मला दोन मिनिटांत कळलं.

"यावें, यावें. प्रवास बरा झाला कीं?" आज्जी म्हणाल्या.

मराठी आपलीच, पण जुन्या पेटीतून काढून नुकतीच झटकल्यासारखी. आणि चाल तमिळ, वाक्य संपता संपता सूर वर चढणारा. ऐकताना मजा वाटत होती. आज्जींनी माझ्या कोटाकडे पाहिलं.

"तुम्हांस थंडी वाजते काय?"

"नाही, सवय आहे," मी म्हणालो. घाम कोपरातून टपकत होता.

कावेरी पाणी घेऊन आली. हसरी, चटपटीत मुलगी. एका वाक्यात मराठी, तमिळ, इंग्रजी अशी तीन गावं फिरून येते. मी पैठणी, कोयरी आणि नारळ दिला. पैठणीचा रंग आज्जींनी खिडकीशी नेऊन पाहिला आणि मान डोलावली. सुनंदाने सांगितल्याप्रमाणे मी हसलो. अजून सगळं व्यवस्थित होतं.

जेवण केळीच्या पानावर. सांबार, वांग्याची भाजी, पापड, आणि पानाच्या कोपऱ्यात डांगर पच्चडी (उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं तोंडीलावणं). पहिला घास घेतला आणि हात थांबला. माझी आई असंच डांगर करायची, फक्त मोहरीची फोडणी जरा कमी. मी ते तीनदा मागून घेतलं. आज्जी वाढायला सांगत होत्या आणि मला वाटत होतं, आता काय राहिलं, झालीच की सोयरीक.

जेवणानंतर पितळी ताटं आली. एकात मुरुक्कु, म्हणजे आपल्या चकलीची थोरली बहीण, ताटाएवढ्या घेराची. दुसऱ्यात अधिरसम, आपले अनारसेच. आणि तिसऱ्यात परुप्पु तेंगाय (गूळ-डाळ्यांचे उंच शंकू), दीड वीत उंचीचे दोन, सोनेरी कागदात गुंडाळलेले, शेजारी शेजारी उभे. हे नवराबायकोच्या जोडीसारखे नेहमी दोनच असतात. तमिळ शेजाऱ्यांकडून या घराने ही रीत फार पूर्वीच आपलीशी केलेली.

"हें सीर," आज्जी म्हणाल्या. सीर म्हणजे मुलीकडून मुलाच्या घरी जाणारा मानाचा फराळ. "आठ दिवस खपून केलें आहे. तुमच्या घरीं न्यावें."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर सामान दिसलं आणि माझ्यातला प्रचारक जागा झाला.

"छे छे, हे काही नको," मी हसत म्हणालो. "अहो, माझ्याकडे फक्त सात किलोंची बॅग. मी नऊ वर्षांत कुणाकडून काही नेलेलं नाही. ठेवा हे इथेच."

"नको म्हणतां?" आज्जींनी शांतपणे विचारलं.

"नकोच. माझं तत्त्वच आहे तसं."

गोविंदराव खाली बघायला लागले. ललिताबाईंनी पदर सारखा केला. आज्जी उठल्या, तिन्ही ताटांवर एकेक रुमाल टाकला आणि आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, म्हातारं माणूस, दुपारची वामकुक्षी. मी गोविंदरावांना बॅगेच्या कप्प्यांची रचना समजावून सांगितली. ते "हो, हो" म्हणत होते. बाहेर पडून सुनंदाला संदेश पाठवला, 'उत्तम झालं.'

संध्याकाळी निरंजनच्या खोलीवर गेलो. तो कंपनीच्या बसने शिफ्टवरून परतला. चेहरा उतरलेला. त्याने डबा ठेवला, हात धुतले आणि मग माझ्यासमोर बसला.

"बाबा, तुम्ही सीर परत केलंत?"

"परत कुठे केलं? नेणार कसं, एवढंच म्हणालो."

"त्यांच्यात मुलाचा बाप सीर एकाच प्रसंगी नको म्हणतो."

"कोणत्या?"

"मुलगी पसंत नसली की."

मी उठून उभा राहिलो.

"आज्जींनी दुपारपासून कॉफी घेतलेली नाही," तो म्हणाला. "कावेरीचा फोन आला होता. रडत नव्हती, तेच वाईट. म्हणाली, तुझ्या बाबांना मी आवडले नसेन तर सरळ सांगायचं, बॅगेवर कशाला ढकलायचं."

"अरे पण मला ती फार आवडली. मी डांगर तीनदा घेतलं."

"डांगर आज्जींनी केलं होतं, बाबा."

मी लगेच फोन उचलला. त्याने माझ्या हातातून तो काढून घेतला. "फोनवर नाही. उद्या सकाळी जा. मला शिफ्ट आहे. तुम्ही मोडलंय, तुम्हीच जोडा."

मुलगा बापाशी असं बोलला म्हणून राग यायला हवा होता. आला नाही. सुनंदाला मात्र सगळं सांगावं लागलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "दोन मिनिटं हसायला सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुन्हा त्या दारात. कोट या वेळी हातावर होता. दार कावेरीने उघडलं. "या अंकल," म्हणाली, पण कालचं हसू नव्हतं. आज्जी झोपाळ्यावर. झोपाळा स्थिर.

"आज्जी," मी उभ्यानेच म्हणालो, "काल मी मूर्खपणा केला. मुलगी आम्हाला पसंत आहे. पसंत आहे म्हणजे काय, तुम्ही दिलीत तर आमचं भाग्य. मी सीर मागायला आलोय."

"तुमची पेटी लहान कीं," आज्जी म्हणाल्या. "सीर मावत नाही त्या पेटींत सून कशी मावणार?"

गोविंदरावांना खोकला आला. मी बॅग उघडून जमिनीवर ठेवली. "हे बघा. काढतो सगळं."

आणि मग त्या घराने माझं नऊ वर्षांचं तत्त्वज्ञान उलगडलेलं पाहिलं. गुंडाळीचे शर्ट, गुंडाळीची लुंगी, गुंडाळीचा पंचा, दोरी, चिमटे, प्रवासी उशी, प्रवासी छत्री, प्रवासी इस्त्री आणि सामान तोलायचा काटा.

"अंकल," कावेरीने तो काटा उचलला, "हे वजनाचं मशीन किती वजनाचं आहे?"

मी सांगितलं. ती हसली. प्रथम तोंडावर हात ठेवून आणि मग तसा न ठेवता. तिच्यामागे ललिताबाई. आज्जी हसल्या नाहीत, पण त्यांनी पायाने जमिनीला हलकेच रेटा दिला आणि झोपाळा हलला.

"कॉफी आणा," त्या म्हणाल्या. "दोन."

कॉफीनंतर अटी आल्या. मुरुक्कु आणि अधिरसम निरंजन पुढच्या आठवड्यात घरी येताना आणेल, चालेल. पण शंकूंचा जोड मीच न्यायचा. सामानांत टाकायचा नाही, हातांत न्यायचा. वेगळे करायचे नाहीत. अखंड पोचवायचा आणि सुनंदाच्या हाताने फोडायचा. "तुम्ही घरीं पोचला कीं व्हिडिओ लावा. मी पाहीन," आज्जी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही शंकू कापूस घालून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे केले.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने खोकं पाहिलं, बॅग पाहिली. "सर, केबिनमध्ये एकच नग."

मी बॅग उचलून पट्ट्यावर ठेवली. तिच्या मुठीला चिठ्ठी लागली, आकडा उमटला, सहा किलो आठशे. कुणी कौतुक केलं नाही. रबरी झडप उघडली आणि माझी बॅग विमानाच्या पोटाकडे चालती झाली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. मागचा माणूस म्हणाला, "सार, मूव्ह."

सुरक्षेत खोकं उघडायला लावलं. तिथली जवान बाई तमिळ होती. तिने कापूस बाजूला केला, शंकू पाहिले, मग मला पाहिलं. "कल्याणमा?" तिने विचारलं. या वेळी मी हो म्हणालो. तिने स्वतः कापूस पुन्हा नीट लावून दिला.

विमानात वरचे कप्पे भरलेले. मांडीवर खोकं घेऊन बसलो, तर हवाई सुंदरी म्हणाली की उड्डाणाच्या वेळी मांडीवर काही चालत नाही. मग समोरच्या आसनाखाली कोटाची गादी केली, तिच्यावर खोकं ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी पाय लावून बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काचसामान?"

"सून," मी म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पुण्यावर हवा खराब होती. विमान दोनदा खाली आदळल्यासारखं झालं. लोकांनी खुर्चीचे दांडे धरले, मी घोट्यांनी खोकं धरलं.

नऊ वर्षांनी मी सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहिलो. बॅग सगळ्यांत शेवटी आली, पण आली.

घरी सुनंदाने टेबलावर ताट आणि वरवंटा मांडून ठेवला होता. शेजारच्या वहिनींनी मोबाइल हातात धरला. पडद्यावर झोपाळा, झोपाळ्यावर आज्जी, त्यांच्या खांद्यामागून कावेरी डोकावत होती. सुनंदाने सोनेरी कागद हळूच सोडवला. पहिला शंकू सुरेख. दुसऱ्याला शेंड्यापासून थेट मध्यापर्यंत केसासारखी बारीक चीर गेलेली.

मी सुनंदाकडे पाहिलं, तिने चिरेकडे. वहिनींनी मोबाइलचा कॅमेरा अजून ताटाकडे वळवला नव्हता.

"जोड अखंड पोचला कीं?" आज्जींचा आवाज आला.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. माझा स्वभावच तो. विमान आदळलं, खोकं किती अंशात कललं, कापूस कुठल्या बाजूला कमी होता, सगळं सांगणार होतो. तेवढ्यात सुनंदाने दोन्ही शंकूंवर वरवंटा मारला आणि गुळाचा भलामोठा तुकडा माझ्या उघड्या तोंडात कोंबला.

"अखंड पोचला, आज्जी," ती हसत म्हणाली. "हे बघा, फोडलासुद्धा. ह्यांना धीर कुठला?"

तिकडे कुणीतरी टाळी वाजवली. आज्जींनी फोनजवळ येऊन मला निरखलं. गूळ असा चिवट होता की जबडा हलेना. मी मान डोलावली, पुन्हा डोलावली. कावेरी म्हणाली, "अंकल, आता तरी बोला काही."

बोलता आलं असतं तर बोललो असतो आणि उरलंसुरलंही घालवून बसलो असतो. इतक्या वर्षांत बॅगेतून काय काय कमी करता येईल याचा मी पुष्कळ अभ्यास केला. बोलणं कमी करावं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. तुकडा पुरता विरघळायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात सुनंदाने आज्जींशी लग्नाचा मुहूर्त ठरवून टाकला.